कूपरेज आणि आमचे हैदराबाद

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून महर्षी कर्वे मार्गाने दक्षिणेकडे चालू लागले की डाव्या हाताला प्रथम ओव्हल मैदान लागते. त्याच्या पलीकडे उच्च न्यायालयाची आणि मुंबई विद्यापीठाची दगडी शिखरे व राजाबाई टॉवर. अलीकडे १९३० च्या दशकातील गोलाईदार सज्जांच्या इमारती. ओव्हल संपते न संपते तोच आणखी एक लहानसे मैदान येते. तेच कूपरेज. मंत्रालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. कामासाठी मंत्रालयात खेटे घालणाऱ्या मराठवाड्यातील शेकडो माणसांनी या मैदानाची भिंत पाहिली असेल. पण तिच्याकडे लक्ष देण्याइतकी सवड त्यांच्यापैकी कोणाला झाली असेल असे वाटत नाही.

आम्हांला ती सवड सेमिनरीतील दिवसांत मिळाली. मुंबईत शिकत असताना आम्ही चार-पाच सहाध्यायी रोव्हर्स चषकाचे सामने पाहण्यासाठी दोन-तीन वेळा कूपरेजवर गेलो होतो. मैदानाचे नाव कोणा कूपर नामक पारशी दानशूराचे असावे अशी आमची तेव्हा खात्री होती. जुहूला कूपर रुग्णालय आहे, तसेच हेही. पुढे कळले की या नावाशी कोणाही सद्गृहस्थाचा संबंध नाही. जहाजांना लागणारी लाकडी पिंपे बनविणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात आणि त्याच्या कारखान्याला कूपरेज. कंपनी सरकारच्या काळात या बाजूला पिंपे तयार होत. समुद्रप्रवासाला निघणाऱ्या गलबतांचे पाणी आणि खारवलेले मांस त्या पिंपांतून जाई. कारागीर गेले, पिंपे गेली, नाव तेवढे राहिले.

मैदान मोकळे राहिले त्याचे कारण खेळ नव्हे, तोफ होय. मुंबईचा किल्ला उभा होता तेव्हा तटाबाहेरची जमीन मुद्दाम मोकळी ठेवलेली असे, कारण शत्रू चालून आला तर गोळ्यांच्या माऱ्यात काही आडवे येता कामा नये. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, पट्ट्यावर रस्ते व सरकारी इमारती आल्या, आणि जे तुकडे उरले त्यांची आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज अशी चार मैदाने झाली. पश्चिमेला तेव्हा समुद्र होता. मैदान आणि समुद्र यांच्यामधून बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जात असे. १९३० साल संपले त्याच दिवशी ते कुलाबा स्थानक बंद झाले. बॅकबेचा भराव घालून समुद्र मागे हटविण्यात आला आणि त्या नव्या जमिनीवर ते गोलाईदार सज्जे उभे राहिले. ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या या वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. कूपरेजच्या वाट्याला मात्र अशा बिरुदाचे तेज फारसे आलेले नाही. त्याची थोरवी दगडात नाही.

ती आहे रोव्हर्स चषकात. सिमल्याचा ड्युरँड १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स १८९१ चा आणि कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड १८९३ ची. देशातील फुटबॉलच्या या तीन सर्वांत जुन्या व प्रतिष्ठेच्या स्पर्धा. रोव्हर्सचा पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने मिळविला आणि पुढील सुमारे साडेचार दशके तो गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या छत्राखाली रोव्हर्स आणि स्थानिक हारवुड लीग वाढल्या, आणि कूपरेज हे दोन्ही स्पर्धांचे घर झाले. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला हरविले. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला तेव्हा तो प्रथमच भारतीय हातांत आला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो नेला.

ही नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. चषक मुंबईचा, मैदान मुंबईचे, प्रेक्षक मुंबईचे. आणि विजेता परगावचा. कलकत्त्याला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल आहेत. त्यांच्यामागे घराणी, गल्ल्या आणि निर्वासितांची दुःखे उभी असतात. मुंबईचे संघ बहुधा कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे असत: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र, रेल्वे. माणूस आपल्या कचेरीच्या संघावर प्रेम करतो, पण त्याच्यासाठी रडत नाही. म्हणून कूपरेजचा प्रेक्षक हा फार उदार प्रेक्षक होता असे आमचे मत आहे. चांगला खेळेल तो आपला, इतका साधा त्याचा न्याय होता. या न्यायाचा सर्वांत मोठा लाभ ज्या पाहुण्या संघाला झाला तो हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने रोव्हर्स चषक जिंकला, आणि १९५७ मध्ये पुन्हा एकदा.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण आता प्रश्न आमच्या गावाचा आहे. परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगामुळे आणि औष्णिक विद्युत केंद्रामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले गाव. आमचा मुक्काम येथे आहे. येथून लातूर रोड, उदगीर, बीदर, विकाराबाद असा जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळचा असून तो गावाला थेट हैदराबादशी जोडतो. १९५० ते १९५४ या वर्षांत परळी मुंबई राज्यात नव्हती. ती हैदराबाद राज्यात होती. म्हणजे कूपरेजवर पाच वर्षे जो पाहुणा जिंकत होता, तो आमच्या राजधानीचा संघ होता. कागदोपत्री पाहिले तर तो आमचाच होता.

२०२४ मध्ये 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर तो आहे. आमच्या तरुण मंडळींपैकी काहींनी तो पाहिला आणि एकाने विचारले, "फादर, हे रहीमसाहेब आपल्याकडचेच म्हणायचे का?" प्रश्न निरागस होता. उत्तर द्यायला आम्हांला बरेच दिवस लागले.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. त्यांनी हैदराबादच्या अनेक शाळांत शिकविले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद स्वीकारले आणि १९५० पासून सिटी पोलीस संघाची जबाबदारी घेतली. हे दोन्ही त्यांनी मरेपर्यंत सांभाळले. ते मास्तर होते हे विसरता कामा नये, कारण त्यांचे फुटबॉल हे वर्गातले फुटबॉल होते. एकट्याने चेंडू खेळवत नेणाऱ्या हुशार मुलाचे त्यांना कौतुक नव्हते. चेंडू आला की लगेच मोकळ्या सोबत्याकडे द्यावा, हा त्यांचा धडा. तो गळी उतरविण्यासाठी त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू खेळवत नेण्यासच मनाई होती. दुसऱ्या स्पर्धा अशा की ज्यांत ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने त्याने खेळायचे. काही स्पर्धा केवळ ठेंगण्या मुलांसाठी होत्या. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गातील कच्च्या मुलाला पुढे आणण्याच्या पुष्कळ युक्त्या आम्ही ऐकल्या, पण प्रत्येकाच्या ठायी असलेल्या कच्चेपणालाच खेळाचा नियम करणारा गुरू दुसरा ऐकला नाही.

येथून जवळ अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले होते. त्याच संस्थानातला एक मास्तर मुक्तिसंग्रामाचा नेता झाला आणि दुसऱ्याने भारताला फुटबॉल शिकविले. या दोघांची नावे एका दमात घेतलेली आम्ही मात्र कधी ऐकली नाहीत.

कारण उघड आहे. आमच्या गावातील जुन्या माणसांशी आम्ही या विषयावर बोललो तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांना रोव्हर्स चषक ठाऊक नव्हता, आणि 'हैदराबाद पोलीस' हे शब्द उच्चारताच एका आजींनी पदर सावरला. त्या पिढीच्या मनात निजामाचे पोलीस आणि रझाकार यांच्यात फारसे अंतर नाही. १९४८ च्या सप्टेंबरात, १३ ते १७ या पाच दिवसांत, भारतीय सैन्याने संस्थान मुक्त केले. त्या कारवाईलाही लोक 'पोलीस अॅक्शन'च म्हणतात, हा इतिहासाचा विचित्र विनोद आहे. नंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातील कित्येक मुसलमान कुटुंबांवर भयंकर प्रसंग ओढवले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी करून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून नोंदविले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. एका घराला आधीचे भय आठवते, शेजारच्या घराला नंतरचे. अशा गावात १९५० च्या रोव्हर्स विजयाचे पेढे कोणी वाटावेत?

आणि तरीही, त्या संघात नूर महंमद आणि अझीझुद्दीन यांच्यासारखे खेळाडू होते, आणि १९४८ नंतर अवघ्या दोन वर्षांनी ते मुंबईत जाऊन जिंकत होते व कूपरेजचा प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत होता. हे दोघेही १९५२ मध्ये हेलसिंकीला आणि १९५६ मध्ये मेलबर्नला भारतासाठी खेळले. ज्या काळात राजधानीतील माणसाकडे संशयाने पाहिले जाई, त्या काळात कूपरेजचे ते दीड तास काय देऊन गेले असतील, याचे मोजमाप करण्याचे साधन इतिहासकारापाशी नसते. आमच्यापाशीही नाही.

आमच्या शोधाला एकच माणूस उपयोगी पडला. ते एक वृद्ध, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी. त्यांचे वडीलही रेल्वेतच होते आणि सिकंदराबादेहून परळीला बदलून आले होते. आजोबा सांगतात की चषकाची बातमी गाडीतून येई. गार्डाच्या डब्यात कोणीतरी हैदराबादचे उर्दू वर्तमानपत्र ठेवलेले असे. ते शिळे असले तरी फलाटावर मोठ्याने वाचले जाई. "फादर, त्या वक्ताला कप आपलाच होता," ते म्हणाले. आम्ही विचारले, "आपला म्हणजे कोणाचा?" ते हसले. म्हणाले, "गाडी जिकडं जाती, तिकडचा."

या वाक्याने आमचे काम सोपे केले. १ नोव्हेंबर १९५६, सर्व संतांचा सण. त्या दिवशी हैदराबाद राज्य संपले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेला, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरला जोडले गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. परळीची राजधानी एका रात्रीत बदलली. गाडी मात्र पूर्वीसारखी विकाराबादच्याच दिशेने जात राहिली. यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. प्रशिक्षक हैदराबादचे रहीम. चारपैकी तीन गोल केले मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. हैदराबाद आणि मुंबई, परळीची सोडलेली राजधानी आणि जोडलेली राजधानी, या दोन्ही त्या मैदानावर एका बाजूने खेळत होत्या. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १–४ अशी हार झाली, तोही एक गोल नेव्हिलचाच. तिसऱ्या क्रमांकाचा सामना बल्गेरियाने जिंकला आणि भारत चौथा आला. आजवर याहून वरचे स्थान ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला मिळालेले नाही.

देशात मात्र हे दोघे समोरासमोरच होते. १९५६–५७ आणि १९५७–५८ या दोन्ही मोसमांत राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक हैदराबादने जिंकला आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचा होता. परळीच्या माणसाने त्या दोन वर्षी कोणासाठी प्रार्थना करायची होती? नकाशा सांगत होता मुंबईसाठी. आजोबांना आम्ही हे विचारले. त्यांनी उत्तर देण्याऐवजी चहा मागविला.

नेव्हिल डिसूझांविषयी आमच्या वाचकांना थोडे सांगणे अगत्याचे आहे. मूळ गोव्याच्या आसगावचे हे घराणे. त्यांचे बंधू डेरेकही नामांकित खेळाडू. मुंबईच्या फुटबॉलमध्ये गोवेकर, ईस्ट इंडियन आणि मंगळुरी ख्रिस्ती मुलांचा वाटा फार मोठा. धोबी तलावच्या गोवेकरांच्या कुडांतून निघालेला खलाशी क्रॉस मैदान आणि ओव्हल ओलांडून पायीच कूपरेजला पोहोचू शकत असे. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. त्या संपूर्ण दशकात मुंबईच्या संघाने मिळविलेला हा एकच रोव्हर्स. टाटांकडून खेळलेले फोर्तुनातो फ्रँको हे १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघात होते. त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमच. तेव्हा कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरविले आणि पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब वारले. नेव्हिल १९८० मध्ये गेले. वांद्र्यात आज त्यांच्या नावाचे फुटबॉलचे मैदान आहे.

कूपरेजच्या परिसरात आम्हांला ओढून नेणारी दुसरीही एक जागा आहे: वुडहाउस मार्गावरील, म्हणजे आताच्या नाथालाल पारेख मार्गावरील, होली नेम कॅथिड्रल. मैदानापासून ते पायी पंधरा मिनिटांच्या आत आहे. १९६४ च्या डिसेंबरात युखरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. काँग्रेसचे मुख्य सोहळे ओव्हलवर झाले. तेथेच निरनिराळ्या खंडांतील सहा बिशपांना दीक्षा देण्यात आली. तोफेच्या माऱ्यासाठी राखलेल्या जमिनीवर लाखो माणसे गुडघे टेकून बसली. त्या गर्दीत ख्रिस्ती किती आणि नुसतेच पाहायला आलेले किती, हा हिशेब कोणी मांडला नाही. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या गर्दीत होती. त्यांच्या सांगण्यात ओव्हल आणि कूपरेज या दोन मैदानांची नेहमी गल्लत होई. लहानपणी आमची अशी समजूत होती की पोपमहोदयांनी मिस्सा अर्पण केली ती फुटबॉलच्या मैदानावर.

पुढची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती उतरणीची आहे. हैदराबाद सिटी पोलीस हे नावही राज्याबरोबर गेले. आंध्र प्रदेश पोलीस या नव्या नावाने संघ साठच्या दशकात पुन्हा रोव्हर्स जिंकला आणि मग हळूहळू मावळला. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर खचल्या आणि त्यांच्याबरोबर गिरण्यांचे संघही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर मोठ्या संघांना जुन्या स्पर्धांसाठी वेळ उरला नाही. रोव्हर्स चषक शेवटचा खेळला गेला तो २०००–०१ च्या मोसमात. मोहन बागानने तो नेला. ड्युरँड आजही चालू आहे, शील्डही अधूनमधून होते, रोव्हर्स थांबला तो थांबलाच. कूपरेज हे ज्याचे घर होते तो महिंद्र युनायटेड २००५–०६ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१० मध्ये बंद करण्यात आला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफ. सी. दहा वर्षांत विरून गेला. आजचा मोठा संघ मुंबई सिटी अंधेरीला खेळतो. एकशे दहा वर्षांची परंपरा मोडली तेव्हा मुंबईत कोणी मोर्चा काढला असे आमच्या ऐकिवात नाही. ज्याचे घरचे कोणी जिंकत नव्हते, त्याच्या जाण्याचे सुतकही कोणाला लागले नाही, असे म्हणावे काय? हा विचार आम्हांला कठोर वाटतो, पण मनातून जात नाही.

गेल्या वर्षी मंत्रालयात काम निघाले म्हणून आम्ही मुंबईस गेलो होतो. काम झाले नाही. दुसऱ्या दिवशी या, असे सांगण्यात आले. मग उरलेली दुपार कूपरेजच्या फाटकापाशी गेली. आत कृत्रिम हिरवळ आहे आणि सुमारे ५,००० माणसे बसतील इतकी आसने. सराव करणारी मुले दहा-बारा वर्षांची होती. त्यांचा प्रशिक्षक पुन्हा पुन्हा एकच ओरडत होता, चेंडू ठेवू नका, द्या. रहीमसाहेबांचे नाव त्याला ठाऊक होते की नाही हे विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

परळीला परतल्यावर आजोबांना भेटलो. त्यांनी प्रथम विचारले, "मैदान हाय का अजून जागेवर?" आम्ही होय म्हटले. आतले गवत प्लास्टिकचे आहे, तेही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या लहानपणी परळी स्थानकाच्या मागच्या पटांगणात रेल्वेची मुले अनवाणी खेळत, चेंडू चिंध्यांचा असे, आणि एक बाजू नेहमी हैदराबाद होई. दुसऱ्या बाजूचे नाव काय असे, हे आम्ही विचारले.

"बंबई," ते म्हणाले. "पण तिकडं जायला कोणी तयार नसायचं, फादर. चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या."